होडीचं सीट कव्हर

नाही, हसा ना, तुम्हीही हसा! वर्ष झालं, ओळखीचे-बिनओळखीचे सगळे हसून गेले, त्यात तुमची भर पडल्याने माझं आणखी काय बिघडणार आहे? "हाच का तो, ज्याने होडीला सीट कव्हर शिवलं?" हो, हाच तो! मीच तो! पण तुम्हाला ही गोष्ट सांगितली कोणी? भाऊजींनीच ना? मग अर्धीच सांगितली असणार. त्यांची कुठलीही गोष्ट मी मूर्ख ठरलो की तिथेच संपते, पुढे म्हणून जात नाही. पुढची माझ्याकडून ऐका. मी गप्प बसतो, मान्य. पण गप्प बसलो म्हणजे विसरलो असं नाही!

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूसच नाही. नववीत सर म्हणाले, उभा राहा आणि धडा मोठ्याने वाच. मी उभा राहिलो, पुस्तक उचललं, दारातून बाहेर पडलो आणि पुन्हा काही त्या शाळेत गेलो नाही. मग ताईने मला गाड्यांची सीट कव्हरं शिवतात त्या दुकानात चिकटवून दिलं, आणि तिथे माझं बरं चाललं, कारण शिलाई मशीन तुम्हाला उभं राहून वाचायला सांगत नाही. बारा वर्षं झाली. आज तुम्ही कुठल्याही गाडीची सीट घेऊन या, मी असं कव्हर चढवीन की हात फिरवलात तर बोटाला एक सुरकुती लागायची नाही. झोळ म्हणून नाही! आमच्या कामात झोळ म्हणजे अब्रू गेली. हे लक्षात ठेवा, कारण माझा घात या झोळानेच केला. म्हणजे, झोळ नसल्याने केला. सांगतो, सांगतो...

तर भाऊजी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, दोन्हींच्या डोक्यावर पाटी, आणि दोन्हींत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक. आता ज्या माणसाने वीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून "क्लच! अरे क्लच! आरशात बघ, आरशात!" असं ओरडण्यात घालवली, तो घरी येऊन काय गप्प बसणार आहे? जेवतानासुद्धा शेजारच्याला सांगतात, "हळू, हळू, आधी घास संपव, मग पुढचा टाक." आणि त्यांच्या अंगणात, दोन्ही गाड्यांच्या मागे, ट्रेलरवर चढवलेली एक होडी. शिडाची. छोटीच, तीन माणसं बसतील एवढी, ताडपत्रीखाली झाकलेली. दोन वर्षं तिथे उभी. कोणी विचारलं की भाऊजी दोन्ही हात डोक्याच्या मागे घेणार आणि म्हणणार, "काय सांगू, पाण्यावर गेलं ना, की माणूस वेगळाच होतो!"

एके दिवशी दुपारी ते दुकानात आले. मी मशीनवर जरा जास्तच खाली वाकलो, पण ते काय सोडतात?

"राजा, तुला एक सोन्यासारखी संधी देतोय. होडी घेऊन जा."

"मला... होडी?"

"अरे, शिकाऊ माणसाला हिच्याइतकी सोपी होडी जगात नाही! ट्रेलर गाडीला लाव, पाण्यात ढकल, शीड वर कर, संपलं! स्कूटर कठीण आहे हिच्यापेक्षा. बदल्यात तू काय करायचंस, माझ्या दोन्ही गाड्यांची कव्हरं आणि घरातला सोफा नवा करून द्यायचा. बस्स."

आता तुम्ही म्हणाल, तुला कशाला हवी होती होडी? बरोबर आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं हो... पाण्याच्या मधोमध मी, चारी बाजूंना पाणी, आणि मला कोणीही काहीही विचारत नाही! तुम्हाला कळायचं नाही ते. तुम्ही बोलणारी माणसं. मी महिनाभर दुकान सुटल्यावर बसून दोन्ही गाड्यांची कव्हरं शिवली, सोफा शिवला, सोफ्याला तर न सांगता कडेने पायपिंग दिली. आणि होडी माझी झाली.

पहिला दिवस! धरणाच्या तलावाला एक सिमेंटचा उतार आहे, तिथून होड्या पाण्यात सोडतात. ट्रेलर ओढायचा हूक भाऊजींच्या गाडीला, म्हणून भाऊजी आले. आणि एकटे नाही आले, स्कूलमधले दोन विद्यार्थी घेऊन आले, म्हणे प्रात्यक्षिक! आणि मला म्हणतात, "तूच घे रिव्हर्स. शिकशील." मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं तर ट्रेलर उजवीकडे. उजवीकडे वळवलं तर ट्रेलर डावीकडे. भाऊजी बाहेर उभे राहून दोन्ही हातांनी वेगवेगळ्या दिशा दाखवताहेत, "डावं! अरे तुझं डावं नाही, माझं डावं!" आणि गाडी आणि ट्रेलर दोघं असे मुडपले की एकमेकांच्या कानात काहीतरी सांगताहेत असं वाटावं. भाऊजी विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? हे असं करायचं नाही." अर्ध्या तासाने होडी एकदाची पाण्यात गेली. आणि पाणी होडीत आलं.

"भाऊजी, आतून पाणी येतंय!"

"येऊ दे! नवीन माणूस बघून होडी थोडं पाणी पितेच!"

पितेच! घोट्यापर्यंत पाणी, पोटरीपर्यंत पाणी, आणि हे काठावरून सांगताहेत की पितेच! शेवटी तिथल्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर जे काका असतात, ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले, होडीच्या मागे हात घातला, आणि एका भोकावर अंगठा दाबून मला शांतपणे विचारलं, "बूच कुठंय?" तुम्हाला सांगतो, प्रत्येक होडीला मागे खाली एक भोक असतं. होडी बाहेर काढली की आत साचलेलं पाणी त्यातून जावं म्हणून. आणि पाण्यात घालण्याआधी त्याला बूच लावायचं असतं. हे मला कोणी सांगायला हवं होतं? ज्याची होडी होती त्याने की नाही? तर भाऊजी विद्यार्थ्यांना म्हणतात, "याने बूच लावलं नाही." याने! मी गप्प बसलो. पण गप्प बसलो म्हणजे विसरलो असं नाही!

आता शीड. शीड मी दुकानात आणून उलगडलं आणि डोकंच धरलं. एक शिवण उसवली होती, ते ठीक आहे, पण कापड बघवेना! मध्ये फुगवटा, कडेला ढिलं, टेबलावर पसरावं तर कुठेच सपाट बसेना. सगळा झोळ! मी म्हटलं, हे कोणत्या आळशी माणसाचं काम? आपल्या होडीचं शीड आणि असं? लोक काय म्हणतील? चार रविवार बसलो हो. सगळ्या शिवणी उसवल्या, पट्टे सरळ कापले, ताणून ताणून दुहेरी टीप मारली, कडेने पायपिंग. शीड असं सपाट झालं, असं सपाट झालं, की त्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवावा! दुकानाचे मालकसुद्धा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हात आहे बुवा तुझा." बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

शीड चढवलं, पाण्यात गेलो. वारा होता, चांगला होता, काठावरची झाडं वाकत होती. आणि होडी? होडी पुढे जाईल तर शपथ. आडवी! खेकड्यासारखी आडवी सरकत सरकत तासाभराने पंपाच्या भिंतीला जाऊन टेकली. पंपवाले काका खिडकीतून वाकून शिडाकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कोणी शिवलं?"

"मी."

"काम सुंदर आहे. पण अरे, शिडाला पोट लागतं, पोट! वारा धरायचा कशात त्याने? तू तर त्याला उपाशी मारलंस."

पोट! तो झोळ नव्हता हो, ते पोट होतं! कोणीतरी मोजून मापून, हुशारीने ठेवलेलं पोट, आणि मी ते चार रविवार बसून कापून टाकलं. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. ज्याला शिवता येत नाही त्याच्या हातून तर नाहीच नाही. आणि हे काका बोलत असताना मागे कोण उभं? भाऊजी! होडी परत काढायला गाडी घेऊन आलेले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू असं हळूहळू पसरत गेलं... मी ते पाहत होतो. मला तिथेच कळलं की आता हे मेलो तरी संपायचं नाही.

पुढच्या रविवारी ताईकडे सगळे जमले. भाऊजींचे मित्र, शेजारचे, आमचे मालकसुद्धा, कारण त्यांच्या मुलीला गाडी शिकायची होती. मी कोपऱ्यात. भाऊजी सोफ्यावर, मी शिवलेल्या सोफ्यावर हो, पायपिंगवर हात ठेवून! आणि सुरू. "मंडळी, आमच्या कप्तानांनी होडीला सीट कव्हर शिवलं! होडी म्हणाली, मी बसू की चालू?" हशा! "मी म्हटलं, राजा, मागे टेकायला गादी आणि हेडरेस्ट पण लाव!" हशा! मालक हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला शाळेवरून बोला, मी ऐकून घेतो. माझ्या गप्प बसण्यावरून बोला, ते तर सगळेच बोलतात. पण शिलाईवरून? माझ्याकडे दुसरं आहे काय? दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं, मालकांना म्हणालं, "माझी गाडी त्या होडीवाल्याकडे देऊ नका हं, चालायची बंद होईल." आणि मालकांनी ती सीट उचलून शेजारच्या मशीनवर नेऊन ठेवली. हसत हसतच. पण नेऊन ठेवली. आठवडाभर माझ्याकडे नुसती गाडीत खाली घालायची पायपुसणी आली. पायपुसणी!

तेव्हा मी ठरवलं. या माणसाला मी ऐकवणार. पण कुठे ऐकवणार, तुम्हीच सांगा? घरी मी "भाऊजी" एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या तीन गोष्टी सांगून होतात. फोनवर बोलू? फोन ते स्वतःच ठेवतात. आणि मग एक दिवस मशीन चालवता चालवता डोक्यात प्रकाश पडला... होडी! तलावाच्या मधोमध न्यायचं. शीड खाली घ्यायचं. तिथून उठून जाता येत नाही, पाहुणे येत नाहीत, टीव्ही लावता येत नाही. आणि तिथे, समोर बसवून, एकेक करून सगळं बाहेर काढायचं! तुम्हाला सांगतो, मी अकरा वाक्यं तयार केली. अकरा! मशीनच्या आवाजात रोज म्हणायचो, म्हणजे कोणाला ऐकू जाणार नाही. पहिलं साधं होतं, "भाऊजी, तुम्ही मला माझ्या कामावरून बोललात, ते मला लागलं." मग पुढे चढत चढत जाऊन अकरावं होतं, "आता माफी मागा, नाहीतर पोहत जा." अकरावं म्हणताना माझा पाय असा काही दाबला जायचा की मशीन सुसाट पळायचं.

पण त्याआधी होडी चालवता यायला हवी ना? मी शीड पुन्हा उसवलं. पंपवाल्या काकांना विचारून विचारून पोट ठेवायला शिकलो, प्रत्येक पट्ट्याला किंचित बाक, बोटभर इथे, दोन बोटं तिथे... बारा वर्षं जे काढायला शिकलो ते आता घालायला शिकलो. दर रविवारी तलावावर. शिडाखालचा आडवा दांडा डोक्यात किती वेळा बसला विचारू नका, तो दांडा वळताना "खाली वाक" असं सांगत नाही, सरळ हाणतो. तीन वेळा उलटलो. एकदा होडीच्या पोटातली फळी, जिच्यामुळे ती आडवी सरकत नाही ती, पाण्यात खाली सोडायला विसरलो आणि पुन्हा खेकडा. पण प्रत्येक वेळी नाकातोंडातलं पाणी काढत वर आलो की मी मनात म्हणायचो, गप्प बसलो म्हणजे विसरलो असं नाही! सूडासाठी माणूस काय काय शिकतो बघा. शाळेत असं कारण दिलं असतं तर मी पदवीधर झालो असतो.

सात महिन्यांत होडी माझं ऐकायला लागली. मग भाऊजींना आमंत्रण. "भाऊजी, चला ना, एक फेरी." त्यांची कंबर धरली. पुन्हा विचारलं, विद्यार्थ्यांची परीक्षा होती. पुन्हा विचारलं, वारा बरोबर नव्हता, हे त्यांना घरातल्या घरात कळलं होतं. असं पाच वेळा. सहाव्यांदा मी ताईसमोर विचारलं. ताईचा चेहरा असा उजळला हो! "जा ना! तो एवढं बोलावतोय. आणि मला कधीपासून बघायचंय तुम्हाला होडीत. मी येते ना काठावर बसायला." आता भाऊजी कुठे पळणार? रविवारी दुपारी ताई चटई आणि थर्मास घेऊन उतारावर बसली, आणि भाऊजी लाइफ जॅकेट घालून होडीत चढले. जॅकेटची बक्कलं त्यांनी तीनदा लावली. मी मनात म्हटलं, लावा, लावा.

निघालो. माझ्या एका हातात सुकाणू, एका हातात शिडाची दोरी, शिडाला देखणं पोट, आणि होडी सुळसुळ पुढे. भाऊजी समोर, डोलकाठीला पाठ लावून. त्यांचा उजवा पाय बघा... होडीच्या तळाशी दाब दाब दाबताहेत. ब्रेक शोधताहेत हो! वीस वर्षांची सवय. होडी जरा कलली की पाय खाडकन खाली. "हळू... हळू... गिअर... अरे, हिला हळू कसं करतात?" मी सरळ मधोमध गेलो, ताई ठिपक्याएवढी झाली, आणि मी शीड खाली घेतलं. शांतता. मी घसा साफ केला. 

"भाऊजी, तुम्ही मला..."

"राजा, तुला एक गंमत सांगतो, एकदा माझ्याकडे एक बाई शिकायला आल्या..."

आणि सुरू झाले हो! बाई झाल्या, बाईंचे मिस्टर झाले, परीक्षा घेणारा साहेब झाला, साहेबाचा कुत्रा झाला! मी "भाऊजी" म्हटलं की "हो ना राजा" म्हणून पुढे! एक तास! आणि तेवढ्यात होता तो वाराही पडला. पानसुद्धा हलेना. शीड पुन्हा वर केलं तर ते ओल्या टॉवेलसारखं लोंबतंय. आता मी तुम्हाला विचारतो, अडकलं कोण? मी! पाण्याच्या मधोमध मी, चारी बाजूंना पाणी, आणि समोर भाऊजी बोलताहेत! उठून मला जाता येत नाही! माझाच सापळा, माझीच होडी, शीडही मीच शिवलेलं! माझी अकरा वाक्यं घशात एकमेकांना ढकलताहेत, आणि हे सांगताहेत कुत्र्याचं नाव काय होतं!

शेवटी माझं डोकं फिरलं. मी वल्हं उचललं आणि होडीच्या काठावर धाडकन आपटलं आणि ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, "भाऊजी! तुम्ही मला..."

"मला पोहता येत नाही!" भाऊजीही ओरडले.

  त्यांचा चेहरा पांढराफटक. मग हळूच म्हणाले, "राजा, मी बोलत होतो ते भीतीने रे. मी या होडीत आज पहिल्यांदा बसलोय."

"पहिल्यांदा? ही होडी तुमची होती!"

"होती. पाण्यात कधी घातलीच नाही. लग्न ठरत होतं तेव्हा तुझी ताई म्हणाली, मला शिडाच्या होड्या फार आवडतात, लहानपणी लांबून बघायचे. मी म्हणून गेलो, मी चालवतो की! तोंडातून गेलं. पुढे बऱ्याच वर्षांनी वाटलं, खरं करून टाकू. होडी आणली. उतारावर गेलो एकदा. पाणी बघितलं आणि तसाच परत आलो. ती दर रविवारी विचारायची, कधी नेताय, कधी नेताय... म्हणून तुला देऊन टाकली."

तुम्हाला सांगतो... तुम्हाला कसं सांगू! तुमचा शत्रू स्वतः चालत येऊन तुमच्या हातात तलवार देतो, वर धारही लावून देतो, तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे का? माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने! अकराच्या अकरा वाक्यं मी मनातल्या मनात पाण्यात फेकून दिली. आता एकच पुरे होतं. काठावर उतरायचं आणि ताईला सांगायचं, यांनी ही होडी कधी पाण्यात घातलीच नव्हती. बस्स! मग रविवारी सगळे जमतील, मालकही असतील, आणि सोफ्यावर बसून गोष्ट कोण सांगेल? मी! मी सांगीन! बूच! "होडी थोडं पाणी पितेच!" एकेक शब्द त्यांच्याच आवाजात!

"राजा," भाऊजी म्हणाले, "ताईला सांगणार?"

मी गप्प बसलो. मुद्दाम! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याला कोणीतरी घाबरलं होतं, आणि मी ते असं चवीचवीने, थेंबाथेंबाने प्यायलो. त्यांनी चार वेळा विचारलं. मी चार वेळा क्षितिजाकडे बघितलं.

मग वारा आला. साधा वारा हो, संध्याकाळकडे झुकताना येतो तसा. शिडाने पोट भरून घेतलं, होडी जरा कलली, एवढीशी, आणि भाऊजी किंचाळून उठले आणि दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी डोलकाठीला मिठी मारली! मी म्हणतोय खाली बसा, ते बसताहेत कुठले? तोल जाऊ नये म्हणून मी दुसऱ्या काठावर जवळजवळ आडवा लोंबकळतोय, पाठ पाण्याला लागतेय, दोरीने हात सोलवटतोय, आणि हे डोलकाठीला चिकटून डोळे मिटून "ब्रेक! ब्रेक!" तसे, त्या अवस्थेत, आम्ही काठाला लागलो. मलाच त्यांना काठीवरून सोलून काढावं लागलं.

आणि ताई धावत आली. चप्पल न घालताच पाण्यात शिरली. मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, शपथ घेऊन सांगतो, पहिला शब्द "ताई" बाहेरही पडला होता...

"मी पाहिलं!" ताई म्हणाली, "सगळं पाहिलं मी काठावरून! केवढी कलली होडी! आणि तुम्ही उभं राहून डोलकाठी धरून ठेवलीत! धरूनच ठेवलीत!" तिच्या डोळ्यांत पाणी. भाऊजींचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "खरं सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, लग्नाआधी तुम्ही मला थाप मारली होती. मी कधी बोलले नाही. पण वाटायचं." मग माझ्याकडे वळली. "हे होते म्हणून रे! नाही?"

भाऊजी माझ्याकडे बघताहेत.  वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात शब्द नाही! ही वेळ होती हो! याच वेळेसाठी मी तीनदा उलटलो होतो! आणि ताई माझ्याकडे बघतेय, ओल्या साडीने, मला दुकानात चिकटवायला मालकांकडे गेली होती तेव्हा बघत होती ना, तशी...

"हो ताई," मी म्हटलं. "भाऊजी होते म्हणून."

झालं. म्हणून बसलो. आता तुम्ही विचाराल, मग सीट कव्हरचं काय? भाऊजींनी बंद केलं. त्यांनी तोंडातून पुन्हा तो शब्द काढला नाही, पण आता ती गोष्ट गावभर आपल्या पायांनी फिरते, तुमच्यापर्यंत आलीच ना? मालकांनी सीटा मला परत दिल्या, खोटं कशाला बोलू. भाऊजींनीच जाऊन सांगितलं त्यांना, "त्याने शिवलेल्या शिडाने आम्हाला वाचवलं," एवढं मात्र खरं सांगितलं. पण सूड तो सूड. तो राहिला तो राहिलाच. तुम्हाला सांगितलं ते ताईच्या कानावर गेलं तर बघा हं... मी गप्प बसतो, पण विसरत नाही!

आणि एक गोष्ट मी धरलीच नव्हती. ताईला आता होडीत बसायचं असतं. दर रविवारी! "चला ना, हे आहेत ना, मग भीती कसली?" त्यामुळे दर रविवारी आम्ही तिघं तलावावर. भाऊजी डोलकाठीला पाठ लावून, बक्कलं तीनदा लावून, डोळे अर्धे मिटून, पाय ब्रेकवर. मला वाटलं होतं, हा तरी सूड झाला. त्यांचा दर आठवड्याला जीव जातो, मी बघतो, बरं वाटतं. पण सुकाणू माझ्या हातात, दोरी माझ्या हातात, बूच मी लावलेलं, शीड मी शिवलेलं, दांडा चुकवायला मान माझी वाकलेली... आणि ताई मधे बसून एकदा नवऱ्याकडे बघते, कौतुकाने, आणि मग मागे वळून मला म्हणते, "बघ जरा त्यांच्याकडे, किती शांत बसलेत. शीक काहीतरी!"